रातपाळी, झोप आणि मनाचे स्वास्थ्य

दुर्गहून दल्ली-राजहराच्या लोहखाणींकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मरोदा नावाचे एक छोटे स्थानक लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी पुरविणारा जलाशय याच नावाचा आहे आणि कारखान्याच्या वसाहतीचा एक भागही याच नावाने ओळखला जातो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले.

झोतभट्टी एकदा पेटविली की ती वर्षानुवर्षे विझू द्यावयाची नसते. ती थंड पडली तर आतील लोह आणि मळी गोठून भट्टीच निकामी होण्याचे भय असते. साहजिकच तिच्यापाशी दिवसाचे चोवीस तास माणसे असावी लागतात. कामाच्या तीन पाळ्या होतात आणि कामगार आळीपाळीने सकाळी, दुपारी व रात्री कामावर येतो. भट्टीला दिवस आणि रात्र सारखेच. तिच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे मात्र तसे नाही. आठ तासांचे काम दिवसा केले काय किंवा रात्री केले काय, हिशेबाच्या वहीत त्याची नोंद एकच होत असली तरी त्याच्या देहात व मनात ती निरनिराळी होते. ही निराळी नोंद कशी होते आणि तिचे परिणाम काय, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

छत्तीसगढमध्ये या विषयाची जोपासना रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात झाली. तेथील जीवविज्ञान विभागात प्रा. अतनुकुमार पती यांनी कालजीवशास्त्राचे, म्हणजे सजीवांतील कालबद्ध लयींच्या शास्त्राचे, अध्ययन अनेक वर्षे चालविले. पाळीतील काम हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. आरती चंद्रवंशी आणि फ्रेंच शास्त्रज्ञ आलँ रेनबर्ग यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला पाळीतील कामाचे परिणाम व व्यवस्थापन यांवरील विस्तृत आढावा २००१ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या आढाव्याचे महत्त्व समजण्यासाठी प्रथम देहातील घड्याळाची ओळख करून घ्यावी लागेल.

देहातील घड्याळ

लाजाळूची पाने दिवसा उमलतात आणि रात्री मिटतात, हे आपण पाहतो. सूर्यप्रकाशामुळे तसे होत असावे, असे कोणासही वाटेल. १७२९ साली झाँ-झाक दॉर्तू द मेराँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने असे झाड अंधाऱ्या जागी ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही पाने वेळेवर उमलत व मिटत राहिली. म्हणजे ती लय बाहेरच्या प्रकाशाने निर्माण केलेली नव्हती. झाडाच्या आतच काही तरी वेळ मोजत होते. या निरीक्षणाचा पुरता अर्थ उलगडण्यास मात्र दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला.

माणसावरील प्रयोग विसाव्या शतकात झाले. नाथानिएल क्लाइटमन हे निद्राशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक होत. १९३८ साली ते एका तरुण सहकाऱ्यासह अमेरिकेतील केंटकी प्रांतातील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे सूर्य नव्हता आणि उष्णमान स्थिर होते. त्यांनी २८ तासांचा ‘दिवस’ पाळण्याचा प्रयत्न केला. तरुण सहकाऱ्याच्या देहाने तो बऱ्याच अंशी स्वीकारला. क्लाइटमन यांच्या देहाने स्वीकारला नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत युर्गेन आशोफ यांनी भूमिगत निवासात स्वयंसेवकांना घड्याळावाचून ठेविले. ते ठरावीक वेळाने झोपत व उठत, परंतु त्यांचा दिवस चोवीस तासांहून थोडा मोठा होई. १९९९ साली अमेरिकेतील चार्ल्स चाइस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी अधिक काटेकोर मोजमाप केले, तेव्हा माणसाच्या आंतरिक दिवसाची सरासरी लांबी २४ तास आणि सुमारे ११ मिनिटे भरली.

‘सुमारे एक दिवस’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून फ्रांझ हॉलबर्ग यांनी १९५९ साली या लयींना ‘सर्केडियन’ हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना अहोरात्र-लयी म्हणू. झोप व जाग एवढ्यापुरत्याच या लयी मर्यादित नाहीत. शरीराचे उष्णमान सायंकाळी सर्वांत अधिक आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असते. निरनिराळी संप्रेरके आपापल्या वेळी रक्तात उतरतात. पचनशक्ती, स्नायूंचे बळ, लक्ष एकाग्र करण्याची क्षमता या सर्वांस भरती-ओहोटी असते.

हे घड्याळ आनुवंशिक आहे. १९७१ साली रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी फळमाशीमध्ये असे एक जनुक दाखवून दिले की, त्यातील बदलाने माशीचा दिवस लांबतो, आखूड होतो किंवा लय नाहीशीच होते. हे जनुक वेगळे करून घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सूर्य हा घड्याळजी

मेंदूच्या तळाशी, अधोथॅलॅमसमध्ये, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जा जेथे एकमेकींस ओलांडतात त्याच्या किंचित वर, पेशींचे दोन लहान पुंज आहेत. त्यांत मिळून सुमारे वीस हजार मज्जापेशी असतात. १९७२ साली अमेरिकेतील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी उंदरांतील हे पुंज नष्ट केल्यावर अहोरात्र-लय मोडते, असे दाखविले. हेच देहाचे मुख्य घड्याळ होय. यकृत, हृदय, आतडी यांतील पेशींचीही आपापली लहान घड्याळे असतात. मुख्य घड्याळ त्यांना मेळात ठेवते.

परंतु जे घड्याळ रोज थोडे मागे पडते ते कोणी तरी रोज लावावयास हवे. हे काम प्रकाश करतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींव्यतिरिक्त आणखी काही पेशी असतात. त्या चित्र घडवीत नाहीत, केवळ उजेड किती आहे याची वर्दी मुख्य घड्याळास देतात. त्यांचे कार्य २००२ साली डेव्हिड बर्सन यांनी स्पष्ट केले. अंधार पडल्यावर पीनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि देहाला रात्र झाल्याचे कळते. तीव्र प्रकाशाने माणसातील हा स्राव थांबतो, हे १९८० साली आल्फ्रेड लुई आणि त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केले.

भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरली आहे. मरोदा या रेखांशाच्या इतके जवळ आहे की, तेथील सूर्य आणि भिंतीवरील घड्याळ यांत सरासरीने जेमतेम पाच मिनिटांचे अंतर पडते. मुंबईत हेच अंतर सुमारे ३९ मिनिटांचे आहे. म्हणजे मरोद्याच्या रहिवाशाचे घड्याळ आणि सूर्य यांत जवळजवळ वाद नाही. वाद उत्पन्न होतो तो रातपाळीच्या वेळापत्रकामुळे.

रातपाळीनंतरची झोप

रात्रभर जागलेल्या माणसाला दिवसा गाढ झोप लागावयास हवी, असा सामान्य समज असतो. अनुभव तसा नसतो. याचे कारण १९८२ साली स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडलेल्या उपपत्तीवरून नीट कळते. झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची निकड. जितका वेळ जागावे तितकी ती वाढते आणि झोपेत ती ओसरते. दुसरी म्हणजे देहातील घड्याळ. ते दिवसा जागे राहण्याचा आणि रात्री झोपण्याचा आदेश देत असते. रात्री या दोन्ही एकाच दिशेने ओढतात, म्हणून आपण सात-आठ तास सलग झोपतो. रातपाळीहून परतलेल्या कामगाराची निकड मोठी असते, म्हणून त्याला झोप चटकन लागते. परंतु त्याचे घड्याळ आता जागे होण्याच्या वाटेवर असते. काही तासांत निकड थोडी ओसरली की घड्याळ त्याला उठवून बसविते. अशी झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणपणे दोन तासांनी किंवा त्याहूनही अधिक तोकडी पडते.

काही दिवसांत देहाला याची सवय होईल, ही आशाही बहुधा फोल ठरते. सकाळी पाळी सुटून कामगार घरी निघतो तेव्हा सूर्य वर येत असतो. तो प्रकाश डोळ्यांवाटे घड्याळास सांगतो की दिवस उगवला. सुटीच्या दिवशी कामगार घरच्यांबरोबर दिवसा जागतो आणि रात्री झोपतो. घड्याळ रात्रीच्या जागरणाकडे थोडे वळले असले तरी पुन्हा मूळ पदावर येते. रात्रीचा प्राणी होण्याची त्याला सवडच मिळत नाही.

भोवतालची परिस्थितीही साथ देत नाही. छत्तीसगढच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. घरात मुले असतात, दारावर विक्रेते येतात, शेजारी ध्वनिक्षेपक लागतो. मुंबईच्या गिरणगावातील चाळींत एकेका खोलीत अनेक कामगार राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने अंथरुणावर पाठ टेकत. त्या काळच्या मराठी वाचकाला दिवसाच्या झोपेचे मोल वेगळे सांगावे लागले नसते. ‘दिवसा झोपतो तो आळशी’ ही आपली समजूत मात्र पाळी कामगाराच्या बाबतीत अन्यायाची आहे. रात्री झोपलेल्याची झोप सारे घर जपते. दिवसा झोपलेल्याची कोणीच जपत नाही.

मनावर होणारा परिणाम

प्रा. पती यांचे सहलेखक रेनबर्ग यांनी फ्रान्समध्ये पाळी कामगारांचा दीर्घ अभ्यास केला होता. काही माणसे वर्षानुवर्षे रातपाळी करूनही सुस्थितीत राहतात आणि काहींना ती सोसत नाही, असे त्यांना आढळले. ज्यांना ती सोसत नाही त्यांच्यात पुढील लक्षणे दिसतात : झोप बिघडणे, विश्रांतीनेही न जाणारा थकवा, चिडचिड व स्वभावात पालट, पचनाच्या तक्रारी आणि झोपेच्या गोळ्यांचा नित्य वापर. झोप, पोट आणि मन यांच्या तक्रारी येथे एकाच यादीत आहेत, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. अशा व्यक्तींत निरनिराळ्या लयींचा आपसातील मेळ सुटलेला असतो, असे रेनबर्ग यांना दिसून आले. उष्णमानाची लय एका गतीने आणि झोपेची लय दुसऱ्या गतीने चालू लागते. वाद्यवृंदातील वादकांनी आपापला ताल धरावा तशी ही अवस्था होते.

मनोविकारांत झोप बिघडते, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. नैराश्याचा रोगी पहाटे लवकर जागा होतो आणि पुन्हा झोपू शकत नाही. उन्मादाच्या अवस्थेत रोग्याला झोपेची गरजच वाटेनाशी होते. पूर्वी यास केवळ रोगाचे लक्षण समजत. बिघडलेली झोप हे रोगाचे कारणही असू शकते, हे अलीकडच्या दशकांत पुढे आले. थॉमस वेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली असे प्रतिपादन केले की, उन्माद-नैराश्याच्या विकारात निरनिराळी कारणे शेवटी झोप तोडण्याच्या एकाच वाटेने उन्मादास आमंत्रण देतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एकवीस अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले गेले. ज्यांना नैराश्य नव्हते, परंतु निद्रानाश होता, अशांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या दुप्पट आढळला.

याहून निर्णायक पुरावा ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन यांच्या २०१७ सालच्या अभ्यासातून मिळाला. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील निद्रानाश असलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांपैकी काहींना झोप सुधारण्याचे मानसोपचार दिले गेले आणि काहींना नेहमीप्रमाणे राहू दिले. ज्यांची झोप सुधारली त्यांच्या मनातील निराधार संशय आणि भास यांचेही प्रमाण घटले. उपचार केवळ झोपेवर होता, गुण मनालाही आला. यावरून कार्यकारणाची साखळी निदान काही अंशी झोपेकडून मनाकडे जाते, असे म्हणता येते.

पाळी कामगारांपुरते पाहिले तर २०१९ साली सात दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित विचार करण्यात आला. पाळीत काम करणाऱ्यांत नैराश्याच्या लक्षणांचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ प्रत्येक पाळी कामगार आजारी पडतो असा नव्हे; बहुसंख्य पडत नाहीत. वय, प्रकृती, घरची स्थिती आणि वेळापत्रकाची रचना यांवर बरेच अवलंबून असते. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला पूर्वी सोसलेली रातपाळी सोसेनाशी होते, हे पुष्कळांच्या अनुभवाचे आहे.

तात्पर्य, ज्याला रातपाळीच्या काळात विनाकारण राग येतो, कशातच रस वाटत नाही, स्वतःविषयी तुच्छता वाटू लागते, त्याच्या मनाचा कणा दुबळा आहे असे समजणे चूक ठरेल. त्याच्या देहातील घड्याळ आणि त्याच्या हजेरीपत्रकावरील घड्याळ यांत बेबनाव झाला आहे. ताप आलेल्या माणसाला जसे आपण दोष देत नाही, तसाच यालाही देता कामा नये.

सोबतीचे महत्त्व

भारतातील कालजीवशास्त्राचे एक आद्य संशोधक म्हणजे मदुराई कामराज विद्यापीठाचे प्रा. एम. के. चंद्रशेखरन. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या सुमारास मदुराईजवळच्या गुहेत वटवाघळांवर केलेले प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहेत. गुहेच्या खोल अंधारात बंदिस्त ठेवलेल्या वटवाघळाला बाहेरचा दिवस दिसत नव्हता. तरीही भोवती मुक्तपणे ये-जा करणारा कळप असेपर्यंत त्याचे घड्याळ कळपाच्या वेळेप्रमाणेच चालले. एकाकी ठेवलेल्या वटवाघळाचे घड्याळ मात्र बाहेरच्या दिवसापासून सुटून आपल्याच गतीने चालू लागले. कळपाच्या सोबतीनेच त्याला वेळ कळत होती.

माणसाच्या बाबतीत प्रकाशाचे सामर्थ्य मोठे असले तरी सोबतीचे महत्त्व नाकारता येत नाही. जेवणाची, कामाची, भेटीगाठींची ठरलेली वेळ देहाच्या लयीला आधार देते. पिट्सबर्ग येथील एलेन फ्रँक यांनी उन्माद-नैराश्याच्या रोग्यांसाठी याच तत्त्वावर एक उपचारपद्धती विकसित केली. तीत औषधांच्या जोडीने दिनक्रमाची नियमितता सांभाळली जाते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निष्कर्षांवरून या पद्धतीने रोगाची पुनरावृत्ती लांबते, असे दिसून आले. पाळी कामगाराचा हा आधारही ढळलेला असतो. मुले शाळेतून येतात तेव्हा तो निजलेला असतो आणि सारे निजतात तेव्हा तो कामावर निघतो. लग्नकार्य, सणवार, भजन, मित्रांची बैठक ही सर्व त्याच्या पाळीस गैरसोयीची. झोपेच्या तुटीत एकटेपणाची भर पडते.

उपाय कोणाच्या हाती?

काही उपाय कामगाराच्या हाती आहेत. रातपाळीला जाण्यापूर्वी थोडी झोप घ्यावी. चहा पाळीच्या पूर्वार्धात घ्यावा, उत्तरार्धात टाळावा. घरी परतताना डोळ्यांवर गडद चष्मा ठेवावा. मात्र वाहन चालवीत असता झोप येत असेल तर हा उपाय करू नये. झोपण्याची खोली शक्य तितकी अंधारी व थंड ठेवावी. मँचेस्टरचे मायनर्स आणि वॉटरहाउस यांनी १९८१ साली असे दाखविले की, झोपेचे निदान चार तास रोज एकाच वेळी आले तर लयी बऱ्याच स्थिर राहतात. उरलेली झोप इतर वेळी घेता येते. मद्याने झोप आल्यासारखी वाटते, परंतु ती लवकर तुटते. खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर विलंब न करता वैद्याकडे जावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ हा आहे.

काही उपाय कुटुंबाच्या आणि शेजाऱ्यांच्या हाती आहेत. दारावर घंटी वाजू न देणे, मुलांना दुसऱ्या खोलीत खेळविणे, दिवसातून एक तरी जेवण सर्वांनी मिळून घेणे या गोष्टी साध्या असल्या तरी औषधाइतक्या उपयोगी आहेत.

परंतु सर्वांत मोठा उपाय वेळापत्रक आखणाऱ्याच्या हाती असतो. माणसाचा आंतरिक दिवस चोवीस तासांहून थोडा मोठा असल्यामुळे त्याला उशिरा झोपणे जमते, लवकर झोपणे कठीण जाते. म्हणून पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा सुलट क्रमाने बदलाव्यात. उलट क्रमाने बदलू नयेत. अमेरिकेतील युटा प्रांतात खनिज क्षारांच्या एका कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला उलट क्रमाने बदलत असत. चाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो क्रम सुलट करून काहींच्या पाळीची मुदत तीन आठवड्यांची केली. कामगारांचे समाधान आणि प्रकृती सुधारली, नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण घटले आणि उत्पादनही वाढले. हे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले. सलग रातपाळ्या दोन-तीनच ठेवून पुढे पुरेशी विश्रांती द्यावी, असे मत दुसऱ्या अनेक तज्ज्ञांनी मांडले आहे. पद्धत कोणतीही स्वीकारली तरी ती देहाच्या घड्याळाचा विचार करून स्वीकारावी, एवढे सर्वांस मान्य आहे.

हा प्रश्न केवळ कामगाराच्या सुखाचा नाही. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्राचा अपघात २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास घडला आणि चेर्नोबिलचा २६ एप्रिल १९८६ रोजी रात्री १ वाजून २३ मिनिटांनी. त्यांची कारणे अनेक होती; तथापि माणसाचे अवधान ज्या प्रहरी सर्वांत मंद असते त्याच प्रहरी यंत्रे त्याच्या हाती असतात, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

कामाच्या वेळा निसर्गाने ठरवून दिलेल्या नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी साप्ताहिक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी ती मागितली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या वेळी कामगाराच्या थकव्याचे मोजमाप करणारे शास्त्र नव्हते, थकवा होता. आज शास्त्रही हाताशी आहे. झोतभट्टी विझविता येणार नाही, रुग्णालय रात्री बंद ठेवता येणार नाही आणि आगगाडी सूर्यास्ताला थांबणार नाही. म्हणून कोणाला तरी रात्री जागावेच लागेल. जो आपल्यासाठी जागतो त्याची दिवसाची झोप आपण सर्वांनी जपणे आणि त्याच्या पाळीचे वेळापत्रक आखताना त्याच्या देहातील घड्याळ डोळ्यांपुढे ठेवणे, हे कर्तव्य होय. मनाचे स्वास्थ्य पुष्कळ अंशी अशाच व्यवस्थांवर उभे असते.